खांदेमळणीचं तेल

आमच्या तांबड्याचा आवाज गेला, तेव्हा मला वाटलं तो माझ्यावर रुसलाय.

एरवी मी गोठ्यात पाऊल टाकलं की हा बैल हंबरायचा. लाल कंधारी जातीचा, माझ्या माहेरचा. कंधारजवळच्या आमच्या गावातून वडिलांनी तो माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माझ्यासोबत पाठवला होता. सासर अहमदपूर तालुक्यातलं. तिथं गोठ्यात आधीच एक देवणी बैल होता, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा, त्याला सगळे बांडा म्हणायचे. एक तांबडा, एक बांडा, अशी बेजोड जोडी पंचक्रोशीत दुसरी नव्हती. लोक हसायचे. म्हणायचे, एक बैल नांदेडचा, एक लातूरचा, तिफण जाणार कुण्या जिल्ह्यात? लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. माझे वडील भेटायला आले की सासऱ्यांना छेडायचे, "तुमचा जिल्हा अजून पाळण्यात हाय, पाव्हणं. बारसं तरी झालं का न्हाई?" सासरे मिशीत हसायचे. मी त्यांना मामा म्हणायची आणि सासूला आत्याबाई.

त्या साली हसण्यासारखं एवढंच होतं. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. ज्वारी वीतभर वाढून करपली. गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी उघडली होती, तुराट्यांचे आडोसे आणि बारदान्याची सावली. गावातली बहुतेक जनावरं तिथंच बांधलेली. आमची जोडीही तिथंच. नवरा नांदेडला कामाला गेला होता, त्यामुळे छावणीत पाणी नेणं, शेण काढणं, बैलांजवळ बसणं हे आत्याबाई आणि मी वाटून घेत होतो. छावणी चालवायला गावातलाच एक पुढारी होता. त्याला आम्ही छावणीवालाच म्हणायचो. चारा कमी आला की त्याचा आवाज चढायचा, आणि चारा कमीच यायचा.

नव्या जिल्ह्याचं तेव्हा सगळीकडे काही ना काही बांधून राहिले होते. आमच्या गावाजवळून मोठ्या रस्त्याचं काम चाललं होतं. त्याचा गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार, बाहेरचा. पांढरी जीप, पांढरे कपडे, आणि माळाच्या पलीकडं काटेरी तारेच्या कुंपणात त्याची यंत्रं. रोज गावातली अर्धी माणसं त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. त्यामुळे तो छावणीत आला की बसलेली माणसं उभी राहायची. मला तेव्हाही ते आवडायचं नाही. आपल्या गावात आपण बसलेलो असताना उठायचं कशाला?

पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्याला घट्टा पडतो. त्या दिवशी तो खांदा गरम पाण्यानं शेकायचा, हळद आणि तूप लावून मळायचा, आणि बैलाच्या कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आमच्या घरात आणखी एक रीत होती. मळून झालं की बोटाला उरलेलं तूप बैलाच्या जिभेला लावायचं. ज्याच्या खांद्यावर आपण खातो त्याला बोट चाटवल्याशिवाय आपण हात धुवायचा नाही, असं आत्याबाई म्हणायच्या. त्या लिंगायत घरातल्या, सोवळ्या-ओवळ्याला पक्क्या, गळ्यातलं लिंग पुजल्याशिवाय पाणी न पिणाऱ्या. पण बैलाची लाळ त्यांना कधी ओवळी वाटली नाही.

त्या साली तूप कुणाच्या घरी? गाई आटलेल्या, म्हशी कधीच बाजाराला गेलेल्या. बायका एकमेकींना विचारून राहिल्या होत्या, नुसत्या पाण्यानं खांदा मळायचा का? कोरड्या खांद्यानं बैल पोळ्याला न्यायचा म्हणजे आपलीच मान खाली. गुत्तेदाराला हे कुणी सांगितलं, कुणास ठाऊक. खांदेमळणीच्या दिवशी दुपारी त्याची जीप छावणीत आली. मागं तेलाचे डबे. "घ्या," तो म्हणाला, "शेतकऱ्याचा सण आहे. एकाही बैलाचा खांदा कोरडा राहता कामा नये."

छावणीवाल्यानं फोटोवाला आणून ठेवला होता. गुत्तेदारानं आमच्याच तांबड्याला पुढं घ्यायला लावलं, कारण रंग उठून दिसतो. त्याच्या गळ्यात हार घातला. खांद्यावर हात ठेवल्यासारखा धरला, ठेवला नाही. हे मी डोळ्यांनी बघितलं आणि मला वाटलं, शहरी माणूस आहे, बैलाला भितोय.

तेल पातळ होतं, पिवळसर, करडईच्या तेलासारखं दिसणारं. वास जवळजवळ नाहीच. मामांनी विचारलं, "कशाचं तेल म्हनायचं, मालक?"

"चांगलं तेल आहे हो. जखमेवरसुद्धा चालतं."

संध्याकाळी सगळ्या छावणीत खांदे मळले गेले. आत्याबाईंनी हळद कालवली, तांबड्याच्या कपाळाला विभूती लावली, त्याचा खांदा इतका प्रेमानं मळला की त्यानं डोळे मिटून घेतले. मग रीतीप्रमाणं बोटं पुढं केली. तांबड्यानं ती चाटून पुसून साफ केली. बांडा मूळचा नाठाळ. त्यानं तोंड फिरवलं. "राहू दे, तुझ्या नशिबात न्हाई," आत्याबाई त्याला म्हणाल्या, आणि त्याच्या वाटचंही तांबड्याला दिलं.

तेल भरपूर होतं. पोळा होऊन गेला तरी लोक ते लावत राहिले. खांद्याला, शिंगांना, खुरांना. एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली, की तेल लावलेल्या जागी माशी बसत नाही. आम्ही किती खूश झालो! माशी बसत नाही म्हणजे तेल भारी आहे, असं आम्ही एकमेकींना सांगितलं. आत्याबाई रोज बोटभर तेल तांबड्याला चाटवू लागल्या. दुष्काळात त्याच्या पोटात काही तरी ओशट जाऊ दे, म्हणून. आणि तांबडा दिवसभर स्वतःचा आणि बांड्याचा खांदा चाटत उभा राहायचा.

दोन-अडीच आठवडे काही झालं नाही. मग तो हंबरायचा थांबला. मी गेले की मान वर करायचा, तोंड उघडायचा, आणि नुसती हवा बाहेर यायची. फाटक्या भात्यासारखी. मी त्याला चिडवलं, काय रे, माहेरच्या माणसाशी बोलत नाहीस? नंतर त्याचे मागचे पाय एकमेकांत अडकू लागले. चालताना खूर उचललं जायचं नाही, मातीत रेघ ओढत जायचं. शेपटी नुसती लोंबायची, माशी उडवायलाही हलायची नाही. आणि एका सकाळी तो बसला, तो बसलाच. पुढच्या पायांवर जोर करून छाती वर काढायचा, मागचा अर्धा बैल जागचा हलायचा नाही. छावणीत आणखीही जनावरं अशी एकेक करून बसली. जी जास्त चाटायची, ती आधी.

छावणीवाल्यानं लगेच हुकूम काढला, बसलेलं जनावर छावणीत ठेवायचं नाही, घरी न्यायचं. का, तर छावणीत मेलेलं दिसायला नको! ज्या बैलाच्या गळ्यात त्याच्या फोटोसाठी हार घातला होता, त्याला आम्ही गाडीत दोरानं बांधून, ओझ्यासारखा घरी आणला.

बसलेल्या बैलाला रोज उठवावं लागतं. नाही तर एका कुशीवर कातडी सडते. त्यासाठी पोटाखालून बारदान्याचा रुंद पट्टा घालायचा, दोन्ही बाजूंनी माणसांनी धरायचं आणि एका दमात उचलायचं. सहा-सात माणसं लागतात. दुष्काळात हे काम गाव आपसात करायचं, न बोलावता. सकाळी आमच्याकडं, मग शेजारी, मग पुढच्या आळीत. आमच्या अंगणातही माणसं यायची. तांबड्याला वर घ्यायची, तो पट्ट्यात लोंबकळत राहायचा, आणि मागचे पाय पिळलेल्या फडक्यासारखे खाली. मी त्याच्या मांड्या चोळायची. मांस हाताला लागायचं नाही, नुसतं कातडं आणि हाड. पोट मात्र भरलेलं होतं. मामा स्वतःच्या भाकरीतली अर्धी त्याला चारायचे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं काय झालं ते ऐकताना लक्षात राहिलं पाहिजे.

तालुक्याहून जनावरांचा डॉक्टर आला. तरुण होता, हात हलका होता. त्यानं तांबड्याच्या मागच्या पायाला सुई टोचली. बैल हललाही नाही. पुढच्या पायाला टोचली, तर झटकन ओढून घेतला. मग त्यानं विचारलं, काय खाल्लं, काय प्यायलं, अंगाला काय लावलं? आत्याबाईंनी वाटीतलं उरलेलं तेल आणून दाखवलं. ते बघून त्याचा चेहराच उतरला. दाराकडं बघत, हळू आवाजात तो म्हणाला, "हे खायचं तेल नाही. यंत्राच्या पोटातलं आहे. यात जे रसायन असतं ते नसा मारतं. लगेच कळत नाही, आठवड्यांनी कळतं. आधी लांबच्या नसा जातात, मागच्या पायांच्या. घशाची गेली म्हणून आवाज गेला. नस मेली की तिच्यावरचं मांसही वाळतं."

"औषध?" मी विचारलं.

"मेलेल्या नसेला औषध नाही, ताई."

आत्याबाईंनी आपला उजवा हात पदराखाली घेतला. त्या दिवसापासून त्या जेवताना हाताकडं बघत बसायच्या, घास तोंडापर्यंत जायचा नाही. मी म्हणायची, "आत्याबाई, तुमी का लावून घेता? ज्यानं दिलं त्यानं लावून घ्यावं." त्या म्हणायच्या, "त्यानं दिलं, पन चाटवलं कुणी? मी चाटवलं की गं." मला असा संताप यायचा! ज्यानं जळायला हवं तो जीपमधून फिरून राहिला होता, आणि जळत होती ही बाई.

मी मामांना घेऊन त्या काटेरी कुंपणापाशी गेले. आत तसेच डबे रचून ठेवलेले होते. त्यांच्यावर कवटी आणि हाडांची खूण होती, लाल रंगात. आमच्याकडं आलेल्या डब्यांवर नेमकी तेवढीच जागा काळ्या रंगानं पुसलेली होती. म्हणजे अडाणीपणानं झालं नव्हतं. खराब झालेलं तेल लांब नेऊन टाकायचा त्रास होता, तो वाचवला आणि वर सणाला दान केल्याचा फोटो काढला. आमच्या बैलांच्या खांद्यांवर त्यानं आपली घाण पुसली.

मग बोभाटा झाला आणि लातूरहून एक साहेब चौकशीला आला. छावणीत मांडव घातला. साहेब खुर्चीवर, शेजारच्या खुर्चीवर गुत्तेदार, त्याच्या मागं छावणीवाला, आणि एका बाजूला उभा आमचा तो डॉक्टर. आदल्या दिवशीच छावणीवाला घरोघरी सांगून गेला होता. तेलाचं नाव काढलं तर छावणी बंद. रस्त्याचं काम बंद. मग उरलेली जनावरं कोण जगवणार? एवढंच म्हणायचं, की जनावर भुकेनं खंगलं आणि बसलं. दुष्काळच आहे, खोटं काय त्यात?

आमच्या घरात मामा आत्याबाईंना म्हणाले होते, "काय म्हनायचं ते तूच ठरव. हात तुझा हाय."

साहेबानं एकेकाला विचारलं. एकेक जण पुढं येऊन, पागोटं हातात घेऊन म्हणाला, "भुकंनं बसलं, साहेब." मी पदर दातात धरून ऐकत होते. ही तीच माणसं, जी रोज सकाळी आमचा बैल उचलायला येत होती. भुकेनं! म्हणजे आमच्या दारात आम्ही बैल उपाशी मारला. शेतकऱ्याला शिवी द्यायची तर याहून वाईट शिवी नाही, आणि ती ते स्वतःलाच देऊन राहिले होते, एकामागून एक.

आत्याबाईंची पाळी आली. त्यांनी पदराखालून वाटी काढली.

"साहेब, मी बाई मानूस," त्या म्हणाल्या, "मला बोलता येत न्हाई. या मालकांनी आमच्या बैलाचा लई मान केला. मला बी त्यांचा मान करू द्या." आणि वाटीत बोटं बुडवून त्या सरळ गुत्तेदाराकडं गेल्या. "बसा मालक, तुमचा खांदा मळते. आज आवतण घ्या."

गुत्तेदार ताडकन उठला. खुर्ची मागं कोसळली. "ए बाई, हात लावू नको! अंगाला लागलं तर..." एवढं बोलून त्याची जीभ थांबली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग आमच्या बैलाला लावून कसं चाललं?" डोक्यावर पदर असलेल्या सुनेनं चार माणसांत बोलायचं नसतं. मी बोलले, आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही.

साहेबानं डॉक्टरकडं बघितलं. "तुमचं काय म्हणणं?"

डॉक्टर आपल्या बुटांकडं बघत म्हणाला, "दुष्काळात जनावरांना अशक्तपणा येतो, सर." आमच्या अंगणात ज्या तोंडानं नसांचं सांगितलं, त्याच तोंडानं. छावणीवाल्याचा मला राग होता, गुत्तेदाराचा त्याहून जास्त होता, पण या माणसाची मला किळस आली. त्याला ठाऊक होतं.

साहेबानं मान डोलावली. उपासमार, असा निकाल सांगितला, चहा घेतला, आणि जीप गेली. आत्याबाई वाटी घेऊन घरी आल्या. हात राखेनं घासून घासून धुतले. त्या रात्री चूल पेटली नाही.

दुसऱ्या सकाळी नेहमीसारखी माणसं अंगणात आली. बैल उठवायला. कुणी वर बघत नव्हतं. एकानं पट्टा उचलायला हात घातला, तर आत्याबाईंनी पट्ट्यावर पाय ठेवला.

"कशाला आलात?"

"उठवाया, काकू. कूस बदलली पायजे."

"भुकंनं बसलाय म्हनलात न्हवं काल? मग वैरण घेऊन या. भुकेल्याला उठवून काय करता?"

मामा ओट्यावरून म्हणाले, "जाऊ दे गं. बैल आखडंल."

"आखडू दे," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "माझ्या घरी भुकंनं बैल बसत न्हाई. आदी तोंडानं म्हना, कशानं बसलाय. मंग हात लावा."

तांबडा मान टाकून पडला होता. अंगणाच्या भिंतीपलीकडून कामावर जाणारे लोक थांबून बघत होते, त्यातला कुणीही गुत्तेदाराला जाऊन सांगू शकला असता. शेवटी त्यांच्यातला सगळ्यात वयस्कर माणूस पुढं आला. काल मांडवात सगळ्यात आधी यानंच भूक म्हटलं होतं. त्याचीही गाय बसली होती.

"तेलानं," तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"तेलानं बसलाय, वैनी. गुत्तेदाराच्या तेलानं. माझी गाय बी."

मग दुसरा म्हणाला. मग तिसरा. आत्याबाई प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत उभ्या होत्या, आणि ज्यानं म्हटलं त्याच्या हातात पट्ट्याचं टोक देत होत्या. सगळ्यांचं झालं तेव्हा एक हात कमी पडत होता. आत्याबाईंनी पदर खोचला, पदराखालचा उजवा हात बाहेर काढला आणि तांबड्याच्या पोटाखाली घातला. "उचला," त्या म्हणाल्या.